खिडकी आठला बंद

डाएटवाल्या बाई म्हणाल्या, सोळा तास उपास,
आठ तासांची खिडकी.
मी म्हटलं, पोस्टात असते तशी?
त्या हसल्या नाहीत.

आज सहावा दिवस. दोनशे ग्रॅम कमी,
तेही बहुतेक पाकीट बाजूला ठेवल्यामुळे.

रात्री आठला खिडकी बंद.
नेमका तेव्हाच टेंभीपाड्याच्या नाक्यावर
पावभाजीचा तवा तापतो
आणि लोण्याचा वास तीन मजले चढून येतो,
लिफ्टची वाट न बघता.

साडेदहाला मृणालिनी येते,
हॉस्पिटलातली पाळी संपवून.
एकोणीस वर्षं आम्ही बरोबर जेवलो,
म्हणजे मी माझ्या ताटात बघत जेवलो.
आता समोर नुसता बसतो, गरम पाण्याचा पेला धरून.

ती भाकरी न बघता मोडते.
आमटीतला कढीपत्ता
ताटाच्या कडेला ओळीने लावते.
मधेच थांबते, घास हातात तसाच,
काहीतरी आठवतं तिला. सांगत नाही.
हे रोजचंच असणार.

"काय बघतोस? भूक लागली?"
"छे."
पोट लगेच गुरगुरतं, चुगलखोर.

ती भाकरीचा पापुद्रा सोलून पुढे करते
आणि घड्याळाकडे बघते,
माझ्या वतीने.