निव्वळ वजन

भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा,
उरतो तो ऊस.
एकतीस हंगाम मी एवढंच गणित केलं
सीनेकाठच्या कारखान्याच्या काट्यावर,
खिडकीतून पावती सरकवत.
शर्टाला मळीचा वास. बायको म्हणायची,
आता तो साबणालाच लागलाय.

काटा वीस किलोच्या खाली हलत नाही.
एका पहाटे टोळीतल्या केशरनं
चार दिवसांचं लेकरू पोलादी फळीवर ठेवलं,
"बघा की अण्णा, किती भरतंय."
शून्य.
ती हसली, मीही हसलो,
मागं गाड्यांची रांग पार मंद्रूपच्या रस्त्याला,
बैल उभ्या उभ्या रवंथ करणारे.

मग एका वर्षी गव्हाणीत मोळी पडली नाही.
पुढच्या वर्षी पडेल म्हणून
आम्ही सगळीकडं ग्रीस लावून ठेवलं.
तीन वर्षं लावलं.
कारखान्याचं कुलूप, त्यावर बँकेचं कुलूप,
त्यावर गांधीलमाशांचं घर.

फाट्यावरचं इराण्णाचं हॉटेल गेलं,
तिथं आता पार्सलचं गोडाऊन.
त्याचा पोरगा मल्लू चाकणला जाऊन परत आला,
उसाच्या यार्डात सोलरच्या काचा पुसतो,
रात्री, कारण दिवसा हात भाजतात.
त्याला विचारलं, किती माल निघतो रे रोजचा?
म्हणाला, अण्णा, उन्हाची गाडी भरत नसते.

यंदा लिक्विडेटरचं पत्र आलं:
काटा चालू आहे काय?
सहाशे रुपये रोजानं मी पुन्हा खिडकीत.
मालेगावची पोरं गॅसकटर घेऊन उतरली,
जालन्याच्या भट्टीचे ट्रक रांगेत.
भरल्या ट्रकमधून रिकामा ट्रक वजा,
उरतो तो कारखाना.

रोलर, ज्याच्यावर दरसाल नारळ फुटायचा.
पॅन. बॉयलरच्या नळ्या, मोळीसारख्या बांधलेल्या.
चिमणी आठ तुकड्यांत,
तीही गाडीत मावली, याचंच मला नवल.
बेचाळीस दिवसांच्या पावत्या, बेरीज केली:
तीन हजार चारशे अकरा टन.
पुन्हा केली.
एवढं तर आम्ही तीन दिवसांत गाळायचो.
तीनही पुरते लागायचे नाहीत.

शेवटी काटाच राहिला.
त्याचं वजन कशावर करायचं,
यावर साहेब आणि व्यापारी तासभर भांडले.
मग कापून नेला होटगी रोडच्या खासगी काट्यावर,
मी सोबत, ड्रायव्हरच्या बाजूला.
तिथल्या पोरानं छापील पावती दिली.
सही कुठं करू, मी विचारलं.
सही लागत नाही, तो म्हणाला, आणि मोबाईलकडं वळला.

येताना एसटी मिळाली.
कंडक्टर अजून तसाच ओरडतो,
"कारखाना! कारखाना कोण आहे?"
"मी," म्हटलं, आणि उठलो.
पिशवीत डबा, पावतीबुकाची उरलेली पानं,
नातवाला अर्धा किलो खारी.