पाइपांचा वीस वर्षांचा अनुभव

प्रिय तुइरे,
तुमचं प्रोफाइल वाचून आम्ही भारावून गेलो.
पाइपांचा वीस वर्षांचा अनुभव!
कझाकस्तानात तेलाची वाहिनी टाकतोय,
वेल्डिंगवर देखरेख, राहणं-जेवण कंपनीचं,
सोमवारी निघता येईल का?

मी तेव्हा ओउलूच्या उत्तरेला, एका लाकडी चर्चात,
ऑर्गनच्या पोटात शिरले होते.
गुडघे छातीशी, टॉर्च दातांत,
बाहेर उणे चोवीस.
गारठ्यात नळ्यांचा सूर उतरतो.
खाली पट्टीवर बोट दाबून बसलेला वेसा
मिनिटामिनिटाला विचारायचा, "पुढची?"
"थांब रे, अजून थरथरतेय ही."

दुसऱ्याने लिहिलं, हवेच्या दाबाचं तुमचं ज्ञान
आमच्या टायरच्या कारखान्यात वाया जाणार नाही.
मग कोणी पाउलीना:
तुम्ही आवाज देता, असं वाचलं.
(देते. नव्या नळीचा ओठ
सुरीने केसभर उचलते,
आधी ती फुसफुसते, खाकरते,
आणि मग बोलते.)
तर रात्रपाळीला विमा विकाल का, फोनवर?

एकाने मला सरळ प्लंबरच करून टाकलं.
पगार पाहून मी जरा गप्प झाले.

हसायचो आम्ही. थर्मासमधली कॉफी ओतता ओतता
वेसा एकेक पत्र
पाद्रीबुवांच्या संथ सुरात वाचायचा
आणि शेवटी आमेन म्हणायचा.

ज्या एका पत्रात माझं नाव, माझं काम,
अगदी भात्याच्या दुरुस्तीची तारीखसुद्धा अचूक होती,
ते चर्चच्या समितीचं होतं.
इमारती तापवणं परवडत नाही.
ऑर्गनची देखभाल तूर्तास थांबवावी.
आपल्या सेवेबद्दल आभार.

वेसाने ते दोनदा वाचलं, स्वतःच्याच आवाजात.
मग म्हणाला, ते पहिलं पत्र आहे अजून?
वाळवंटातलं?
त्यांना पाइप ओळखणारं कोणीतरी हवं होतं ना.
मी पाठवून दिलं.
आधी हसलो, मग नाही.

मार्चमध्ये त्याचा निरोप आला.
शब्द एकही नाही, अठ्ठावीस सेकंदांचा नुसता आवाज.
माळावर कुठेतरी, अजून न जोडलेला,
आत माणूस उभा राहील एवढा पाइप,
आणि त्याच्या तोंडावरून जाणारा वारा.
खोल. मी कधी हात लावलेल्या
सगळ्यांत थोरल्या नळीहूनही खोल.

स्वयंपाकघरात अंधार झाला होता, दिवा लावला नाही.
तीनदा ऐकला.
चिमटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला,
पुन्हा ऐकला,
मग लिहिलं:
किंचित उतरलाय. तिकडे गारठा आहे ना?

लगेच उत्तर आलं.
"पुढची?"