प्रूफ

मत्र्याच्या सूकमध्ये, लोबानाच्या धुराची गल्ली संपते तिथे
हाजी मुर्तझाचं दुकान. दारात टांगलेले जुने थालेर,
बेदू बायकांच्या गळ्यांतून उतरलेले,
कड्या डागलेले, राणीचे गाल झिजून सपाट.
सगळ्यांवर साल एकच: सतराशे ऐंशी.
"परवा पाडलं तरी सतराशे ऐंशीच," हाजी म्हणतो,
"या नाण्याला वय नाही. तुझ्यामाझ्यासारखं नाही ते."

मला ते नको असायचे.
मला हवं होतं कुणीच न हाताळलेलं.

प्रूफ म्हणजे बाजारासाठी न जन्मलेलं नाणं,
घासून आरसा केलेल्या साच्याखाली सावकाश दाबलेलं.
ज्यानं कधी मीठ आणलं नाही, मिरची आणली नाही,
जे जुगारात हरलं नाही,
कुणाच्या कमरेचा घाम प्यायलं नाही.
असा एक डॉलर, अठराशे एक्क्याऐंशीचा,
तेल कंपनीतल्या कुण्या अमेरिकन इंजिनिअरनं
देश सोडताना हाजीला विकलेला.
सतरा महिने हप्ते भरले.
घरी सांगितलं, पगार अडकलाय.

रुवीच्या खोलीत आम्ही चौघं.
कॅप्सूल, सुती हातमोजे, सिलिका जेलच्या पुड्या,
आणि खिडकीबाहेर ताटकळलेली ती खारट, दमट हवा
जिला चांदी दिसली की भूक लागते.
रात्री दिवा तिरका धरून बघायचो:
विहिरीच्या पाण्याइतकं काळं मैदान,
त्यावर कवडीदार दह्यासारखा बाईचा चेहरा.

हसनमियाँ परकार, बाणकोटचा, वरच्या बंकवर झोपायचा.
एकोणतीस वर्षं लोकांच्या न्हाणीघरांत टाइल्स बसवत होता.
मे महिन्यातल्या एका शुक्रवारी
मी चहा टाकायला उठलो, तेवढ्यात
त्यानं उचलला तो, उघड्या हातानं.
"ह्यात तर माजा तोंड दिसतंय रे!"
मी ओरडलो. एवढं, की
झोपलेला वर्गीस दचकून उठून बसला.
हसनमियाँनी नाणं ठेवलं, तळवे पॅन्टला पुसले,
जणू चूक हातालाच चिकटली होती.

जूनमध्ये त्याच्या कार्डाचं नूतनीकरण.
मी सोबत, अरबी बोलायला.
काचेवर अंगठा. मशीन म्हणालं, पुन्हा.
पुसून, पुन्हा. लिंबू चोळून, पुन्हा.
सिमेंट, ग्राउट, फरशीचं ॲसिड,
एकोणतीस वर्षांनी पाटी कोरी करून ठेवली होती.
खिडकीमागचा पोरगा चिडला नाही, उलट ओशाळला.
"चाचा," म्हणाला, "तुमचं इथं काहीच उमटत नाही."
करंगळीवर कसंबसं भागलं.

ऑगस्टात कंपनीनंच हात वर केले.
दोन खोके, एक ब्लँकेट, एक मिक्सर. बाणकोट.

ऑक्टोबरात हवा जरा सुकली,
तेव्हा मी कॅप्सूल उजेडात धरलं.
बाईच्या कपाळासमोर, त्या काळ्या पाण्यात
मधाच्या रंगाचं काहीतरी वर येत होतं.
भिंग लावलं.
रेघ. रेघेशेजारी रेघ.
एका चिरेपाशी तुटलेली, कडेला पुसट,
पण भोवरा पुरता.
ओहोटीनंतर खाडीच्या चिखलावर राहतात तशा वळ्या.
मशीनला जे दिसलं नाही
ते चांदीनं पाच महिने बसून वाचलं होतं.

हाजीनं पाहिलं. "निम्मी किंमत.
धुतलास तर तीही नाही."
मग भिंग खाली न ठेवता बघतच राहिला.
"कुणाचा?"
मी नाव सांगितलं.
त्यानं हलकेच, माझे हातमोजे न मागता,
कडेनं धरून नाणं परत दिलं.

फोनवर हसनमियाँ विचारतो,
"तुजी ती चांदीची बाय कशी हाय?"
"बरी आहे," म्हणतो मी. पुढचं सांगत नाही.

माझ्या वहीत दर नाण्यापुढे एक रकाना असतो: दोष.
तिथं लिहिलंय:
उजवा अंगठा. परकार, बाणकोट.
स्पष्ट.