चौथ्या खाचेतलं कार्ड

भुसावळ. मे महिना. रात्रीचे अडीच
आणि बाहेर भिंती अजून दिवसाचं ऊन ओकतायत.
आत मी स्वेटर घालून उभी,
पंख्यांच्या घोंघाटात फेगडे साहेबांना फोनवर ओरडून सांगते :
चार नंबरचा दिवा पिवळा झालाय.

"काढ मग. बाकीच्यांना हात नको लावू."

केसाएवढ्या काचेतून उजेड येतो कार्डाच्या दारी,
लुकलुकत आपलं म्हणणं मांडतो.
कार्ड वाचतं फक्त पत्ता.
यावल तालुका? जुळतं, थांब.
भालोद? अजून नेमकं.
भालोदची खालची आळी? हीच धर, जा.
जी सगळ्यात लांबवर जुळेल ती वाट खरी.
वरच्या प्रोसेसरला विचारायला कुणी उठत नाही,
त्यानं केव्हाच प्रत्येकाला नकाशाची नक्कल देऊन ठेवलीय.

मला बरं वाटतं ते याचं की
ते एवढंच विचारतं : कुठी चाल्ला भो?
कोनाचा तू, हे नाही.
मी केबलच्या कामाला सावद्याला गेले तेव्हा
ओट्यावरच्या तिघांनी आधी माझं आडनाव सोललं,
मग पाणी दिलं.

आयुष्यातला एक आकडा मात्र कापून घेतं,
दर मुक्कामाला एक. शून्य झालं की पाकीट टाकून देतं,
पाठवणाऱ्याला चिठ्ठी जाते, बहुधा.
उरलेल्यांचे तुकडे करून मागच्या कण्यात सोडतं;
पलीकडचं कार्ड ते पुन्हा सांधतं.

मनगटाला पट्टा. दोन्ही खटके वर.
ओढलं.
तीन आणि पाच चालूच.
पंगतीतून एक जण उठला
तर वाढपी थांबतो थोडाच.
फैजपुरात कुठल्याशा पडद्यावर एखादा मुलगा
"आई" म्हणता म्हणता तोंड उघडं ठेवून राहिला असेल,
क्षणभर. मग वाट चोपड्याकडून वळली.

नवं कार्ड आत. खट्.
पिवळा. पिवळा.
नऊ लाखांवर वाटा उतरवून घेतंय,
एकही त्याच्या पायाखालची नाही.
पिवळा.
हिरवा.

जुनं मांडीवर घेऊन बसले. अजून कोमट.
कडेला मार्करनं कुणीतरी तारीख घातलेली, सही नाही.
नऊ वर्षं.

"झालं का?"
"झालं."
"खोक्यात टाक. परतीचा फॉर्म भर.
आणि आडनाव नीट लिही गं,
मागच्या वेळी वाचताच आलं नाही."