कडी

फोर्त्सहाइम, पाचवं सत्र.
नेस्लिहान पडद्यावर एक कडी फिरवते आहे,
साखळीच्या टोकाची, तांदळाएवढी.
वजन शून्य. सावली मात्र अगदी खरी.

सकाळी डिझाइन: वळण अजून अर्धा अंश आत.
दुपारी कोड.
संध्याकाळी ओबर्ले सरांचा तक्ता:
सोनं कुठलं, घडणावळ कुठली, जकात किती,
ओसाकात विकलं तर येनमध्ये हाती काय उरतं.
एक रकाना 'कारागिराची मिनिटं'.
तिथे तिने घाईत चार लिहिलं.

घरी वडील सूप पीत होते.
एकतीस वर्षं याच गावात कड्याच जोडल्या;
आता चमचाही धरवत नाही धड.
तिने फोन पुढे केला.
त्यांनी चष्मा शोधला, लावला,
आणि जुन्या सवयीने
काचेवरच नख घालून उघडायला गेले.

कडी उघडली नाही.
नुसती मोठी झाली, पडदाभर.
"स्प्रिंग कुठाय हिची?"
सूप गार झालं.

रात्री दीडला तिने चार पुसलं.
दुसरा आकडा सुचेना.
रिकाम्या चौकटीपासून खाली
सगळ्या बेरजा कोसळत गेल्या,
थेट ओसाकापर्यंत.