मुद्रितशोधन

घोरपडे पेठेत, तिसऱ्या मजल्यावर,
आडेपकाकांच्या खाटेशी बसून विचारलं,
"फोन चालू ठेवू का? तुम्ही बोलाल ते तो लिहून घेतो."
म्हणाले, "ठेव की. शाई कुठली वापरतो?"

एकोणतीस वर्षं त्यांनी खिळे जुळवले
बुधवारातल्या एका छापखान्यात.
उलटं अक्षर सुलटं वाचायची सवय
अजून उजव्या डोळ्यात आहे.
डावा मोतीबिंदूनं नेला.

जेवण? "जेवलो की."
झोप? "येते तेव्हा येते."
पडलात का कुठे? "छे. बसलो एकदा मोरीत, न ठरवता."
मुलगा येतो? "त्याचं जाऊ दे."

फोननं चहा निवायच्या आत अहवाल काढला:
लाभार्थी समाधानी. आहार नियमित.
पडण्याची घटना नाही.
कौटुंबिक आधार: मुलगा.
धोका कमी. पुढील भेट तीन महिन्यांनी.

किती स्वच्छ मराठी. माझ्याहून स्वच्छ.
आणि समोर शेगडीवर
जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा,
दोन्ही बर्नर झाकणारा.

खरं सांगते, एकशे बारा घरं आहेत माझ्याकडे.
असे अहवाल मी जिना उतरता उतरता मंजूर केलेत,
एका हातात छत्री, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं.
आणि यंत्राला नुसतं नावं ठेवायलाही जीभ रेटत नाही:
नाना पेठेतल्या मोहिद्दीनबींनी दोन महिने
बीपीच्या गोळ्या नेल्याच नाहीत,
हे त्यानंच दाखवलं. मी दोनदा जाऊन आले होते
त्यांच्या हातचा शीरकुर्मा खाऊन.

"वाच," काका म्हणाले.
"प्रूफ न बघता छापत नसतात."

मी वाचलं. त्यांनी डोळे मिटले.
'समाधानी'पाशी हात वर झाला.
"हा शब्द मी उच्चारला?"
नाही, काका.
"मग कुणाच्या पेटीतला खिळा आहे? काढ."

'आहार नियमित'ला नुसते हसले,
शेगडीकडे बघून. मीही बघितलं.
'घटना नाही' ऐकून मात्र गप्प बसले,
आणि मग भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले,
"बसलो म्हणजे, उठता येईना.
नळ चालू होता. पाणी जाईपर्यंत बसलो.
आमच्याकडे पाणी दहाला जातं."
"आणि बसलात कधी?"
"आठच्या भोंग्याला."

हे माझ्या प्रश्नाला आलं नव्हतं.
चुकीच्या ओळीला आलं.

मुलाच्या ओळीवर ते फार वेळ थांबले.
"ती ओळ कोरी ठेव."
कोरी राहत नाही, काका, लाल चौकट येते.
रकाना अनिवार्य आहे म्हणते.
"कोरी जागासुद्धा जुळवावी लागते, पोरी.
तिलाही शिसं लागतं. फुकट नसते ती."

मी ऑफिसला फोन लावला.
तांबोळी मॅडम म्हणाल्या, "अगं, काहीतरी टाक आणि पुढे जा."
काहीतरी म्हणजे काय, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.
त्यांच्याही मागे दोनशेची यादी होती.

टाकलं नाही.
जुना कागदी फॉर्म होता पिशवीत, घडीवर फाटलेला,
त्यावर लिहिलं, मोरी, दोन तास, शेगडी.
मुलापुढे एक आडवी रेघ.
पुढची भेट: गुरुवार. डबा आजपासून, मी बोलते.
आणि खाली: यंत्राचा अहवाल पाठवलेला नाही,
कारण सांगायला मी समक्ष येईन.
सही केली. बऱ्याच दिवसांनी
पूर्ण नावाची.

निघताना काकांनी फोन मागितला,
उजव्या डोळ्याला जवळजवळ चिकटवून धरला,
नखानं काचेवर एक जागा खुणावली.

"अडेप लिहिलंय बघ.
काना पडलाय माझ्या नावातला.
ही तरी घटना धर."