रकाना अकरावा

केवळरामजी नाकतोडे पेनड्राइव्ह रुमालात बांधून आणतात,
गाठ सोडतात, टेबलावर ठेवतात, म्हणतात,
"सहाशे चौदा हायेत जी. मेळाव्याच्या आधी पुस्तिका पायजे."
वडशाला, रेल्वे फाटकाजवळ, आमचं दुकान:
एक कॉम्प्युटर, आणि एक बॅटरी
जी लाइट गेली की
आजारी पिल्लासारखी चिवचिवते.

मी तक्ता पानात ओतते.
आणि समाजाचं जे व्हायचं ते होतं.

ह्रस्व वेलांट्या आपापली अक्षरं सोडून पुढे पळालेल्या.
दुर्गा झाली दुगार्,
रफार दारात पोचायला उशीर झाल्यासारखा बाहेरच उभा.
क्षच्या जागी रिकामी चौकट,
म्हणजे साक्षी, दीक्षा, मोक्षदा,
तिघींच्या नावात एकेक उघडी खिडकी.
मोबाइल नंबर: नऊ पूर्णांक बेचाळीस, मग ई, मग अधिक नऊ.
कोण लावणार असा फोन?

आणि उंची.
पाच फूट चार इंच कुणीतरी लिहिलं पाच-चार,
तक्त्याला वाटलं, तारीख.
आता मुली सगळ्या फेब्रुवारी ते एप्रिल,
मुलगे जुलैच्या पुढचे,
एक तर थेट पाच नोव्हेंबर, कुरखेड्याचा,
पोलीस भरतीची तयारी करतो.

एकेकाला धरून आणते.
शोधा: दोन मोकळ्या जागा. बदला: एक.
यंत्र सांगतं, दोन हजार तीनशे नऊ ठिकाणी बदललं.
एवढी पोकळी होती तर
नाव आणि आडनावाच्या मध्ये.

नाव ठळक. शिक्षण साधं. मामेकुळ तिरपं.
शैली एकदा ठरवली की
धानाची शेती आणि कृषी सहायक
एकाच मापात बसतात, कुरकुर नाही.

अकरावा रकाना, अपेक्षा.
चारशेच्या वर लोकांनी लिहिलंय, अनुरूप.
पुष्कळांनी, नोकरीवाला.
एकाने, काही नाही.
त्याच्याकडे मी जरा वेळ बघत बसले.

चारशे सात नंबरच्या चौकटीला कोपऱ्यात लाल अधिक.
म्हणजे मजकूर मावत नाहीये,
खाली कुठेतरी लोंबतोय, छापला तरी दिसणार नाही.
प्रणोती दिघोरे, कोंढाळा, वय एकतीस, डी.एड.
चौकट खाली ओढली, वाचलं:
'घरी दहा मुलं शिकायला येतात.
लग्नानंतरही येतील, ही नाही तर दुसरी.
फळा मी आणीन. ओसरी तुमची पाहिजे.
कोनाडा असेल तर उत्तम, खडू ओले होत नाहीत.'

केवळरामजींनी चष्मा कपाळावर नेला.
"कापून टाक ना पोरी. अनुरूप लिव."
"होय जी," मी म्हटलं.
चहा आला. मालगाडी गेली. फाटक उघडलं.
केवळरामजीही गेले.

मग मी मूळ शैलीत शिरले,
नऊ पॉइंटचे केले आठ पूर्णांक आठ.
पंगतीत एक पाट वाढला की
सगळे न बोलता मांड्या आवरतात,
तसं सहाशे तेरा जणांनी केसभर अंग चोरलं.
कुणाचं काही गेलं नाही.
लाल अधिक विझलं,
कोनाडा आत आला, खडूसकट.

पुस्तिका छापून झाली.
केवळरामजींनी अध्यक्षांचा फोटो पाहिला,
म्हणाले, "जरा लाल आलेत," आणि गठ्ठे ऑटोत चढवले.

रात्री शिल्लक प्रत चाळताना दिसलं,
पान एकेचाळीस, डावीकडे, खालून दुसरा:
पिठाची गिरणी, दोन एकर, स्वतःचं घर,
अपेक्षा: काही नाही,
उंची: पाच एप्रिल.

बघत बसले होते ना,
तेव्हाच सुटला असणार.